डागाची फुली

१९६९ साल. मी चोवीस वर्षांचा होतो. शाळेत दोन इयत्ता झालेल्या, पण मला कुणी शिकवलेलं तेव्हाही चालत नसे.

बायको रोह्याची. लग्नात तिच्या आईने स्वतःच्या नाकातली फुली तिला दिली होती. तिच्यात तांदळाच्या कणीएवढा हिरा, मधोमध काळा ठिपका. एकदा भांडणात मी बोललो, "तुझ्या आयने डागाचा माल गळ्यात मारला." तिने फुली उतरवली, फळीवर ठेवली. "डाग काढा नि मंग न्यायला या," म्हणाली आणि माहेरी गेली.

दोन महिने गेले. मिठागरावर काम करताना रोह्याची एसटी दिसली की माझे हात थांबत. भाकऱ्या मीच थापी, आणि सवयीने दोघांच्या थापी. पण डागासकट फुली घेऊन जायची, हे मनाला पटेना.

मिठात चिखल आला तर आम्ही ते दाट खाऱ्या पाण्यात धुतो. मीठ विरघळत नाही, घाण तेवढी सुटते. फुलीही मी तशीच तीन दिवस बुडवून ठेवली. डाग होता तिथेच.

चौथ्या दिवशी दुपारी पेणच्या सोनाराकडे गेलो. सगळं ऐकून तो खो-खो हसला.

"अहो, हिऱ्याचं लोणचं घातलंत काय?"

मग भिंग माझ्या हातात दिलं. "नीट बघा. डाग वर नाय, पोटात हाय. खडा जमिनीत घडला तेव्हाच आत राहिला. कडेला असता तर सोन्याखाली झाकला असता. हा मधेच, म्हणून उजेड अडवतो नि खडा मंद दिसतो."

"मंग फुटंल काय?"

"चीर कडेपर्यंत गेली तर भीती. ह्याला चीरच नाय. सांगा तर नितळ खडा बसवून देतो."

मी पुन्हा भिंगातून पाहिलं. ही फुली घालून तिच्या आईने उभा जन्म शेतात काढला होता. ही घालूनच बायको चुलीपुढे बसायची, तिरकं बघून मला हसायची. दुसरा खडा कुणाच्या नाकात घालू?

"नको," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने रोह्याला गेलो. ती अंगण सारवत होती. नाकाचं भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी घातलेली.

"गेला काय डाग?"

"नाय गो. चूक माझी," म्हणालो आणि फुली पुढे केली.