पूर्ण लांबीचे डबे

बेर्थोल्ड नॉएबर्ट या माणसाबद्दल एगॉन लिपोल्डला खरं तर फारच थोडं ठाऊक होतं, आणि तेवढं तरी आपल्याला नीट सांगता येईल की नाही, याची त्याला खात्री नव्हती. मॉडेल रेल्वेच्या क्लबात दोघं बरीच वर्षं एकाच टेबलाशी बसले, एकाच डबीतला गोंद वापरला, तरी शेवटपर्यंत एकमेकांना 'तुम्ही'च म्हणत राहिले. नॉएबर्टना बायको होती का, असली तर कुठे गेली, हे एगॉनने कधी विचारलं नाही. ते जन्मभर रात्रीच्या गाडीत झोपण्याच्या डब्याचे सेवक होते, एवढं त्याला माहीत होतं. समुद्राकडे निघालेल्या लोकांची अंथरुणं घालायची, पहाटे कॉफी द्यायची, आणि लोक उतरले की त्यांची घाण काढायची. या शेवटच्या कामानेच त्यांचा चेहरा तसा झाला असावा. नाकाशी कायम काहीतरी कुजकं धरल्यासारखा.

किळस त्यांना पुष्कळ गोष्टींची यायची. ओल्या हातमोज्यांची, कपात बुडवून खाल्लेल्या केकची. पण सगळ्यात जास्त यायची ती आखूड मॉडेल डब्यांची. घरगुती मांडणीतल्या तंग वळणांवर लांब डबे वळत नाहीत, म्हणून कारखानदार प्रवासी डबे मुळातच थोडे आखूड करून विकतात. क्लबात सगळ्यांकडे तसलेच होते. नॉएबर्ट तसला डबा दोन बोटांत धरून उचलायचे, मेलेला उंदीर उचलावा तसा.

"यात एक खिडकी कमी आहे," ते म्हणायचे. "म्हणजे एक कप्पा कमी. त्या कप्प्यातल्या माणसांना मी झोपवू कुठे? संडासात?"

"टपावर चढवा की!" यॉर्ग माइक्सनर पलीकडून ओरडायचा. हा क्लबचा अध्यक्ष. मोठा गडगडाटी माणूस, सगळ्यांना अरेतुरे करणारा. "गार हवा फुकट!"

नॉएबर्ट हसत नसत. घरी बसून त्यांनी स्वतःची गाडी बांधली होती. पाच डबे, पूर्ण लांबीचे, खिडक्या सगळ्या. आत बिछाने, नखाएवढी बेसिनं, दारांखाली केसासारख्या बारीक पायऱ्या. ही गाडी एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर पूर्ण फेरी मारून यावी, एवढीच त्यांची इच्छा होती. एगॉनला तरी तेवढीच कळली.

नाताळाआधीच्या रविवारी प्रत्येक गावच्या क्लबाने आपली रेल्वे मांडायची, ही आमच्या डोंगराची रीत. आमची मांडणी बंद पडलेल्या मोज्यांच्या कारखान्याच्या जेवणघरात असे. एका कोपऱ्यात माइक्सनरची बायको मारिट सॉसेज आणि मसाल्याची गरम वाइन विकायची. तिच्या टेबलाने कोपरा खाल्ला होता, म्हणून तिथे रुळांना अंग चोरून वळावं लागे. चरबीचा धूर रुळांवर बसायचा, चाकं घसरायची. बोगद्याच्या तोंडावर मोहरीच्या सॉसची बोटं उमटलेली असत. ती दर वेळी एगॉनच पुसायचा.

त्या वर्षी माइक्सनरने पोस्टरवर छापलं, 'समुद्राकडची रात्रीची गाडी, पूर्ण लांबीत'. नॉएबर्ट आणि एगॉनने वळण तपासलं, क्लबात नेहमी तपासतात तसंच. डब्याच्या कोपऱ्यांना आणि मधे पोटाला पेन्सिलीची टोकं चिकटवायची आणि डबा हाताने वळणावरून ढकलायचा. कोपरे बाहेरच्या अंगाला रेघ ओढतात, पोट आतल्या अंगाला. त्या दोन रेघांमध्ये काही उभं ठेवायचं नाही. एक सिग्नल हलवला, खडकाचा गाल तासला. डबा लोण्यासारखा गेला.

पण त्यांनी डबा एकटाच ढकलला होता. आखूड डब्यांना तेवढं पुरत आलं होतं. तालमीच्या दिवशी पाचही डबे जोडून गाडी सोडली, तेव्हा ती कोपऱ्यातून वळली, आणि पुढे पुलाशी लगेच उलटं वळण आलं. एका डब्याचं शेपूट उजवीकडे गेलं, मागच्याचं तोंड डावीकडे. डब्यांच्या टोकांचे, धक्का झेलणारे बफर एकमेकांत अडकले. मधला डबा उचलला गेला आणि कापसाच्या बर्फात आडवा झाला, चाकं वर करून, प्यायलेल्या माणसासारखा.

"उतरा मंडळी, समुद्र आला!" माइक्सनर म्हणाला. सगळे खो खो हसले.

नॉएबर्टनी डबा उचलला, फुंकर मारली. "सॉसेजचं टेबल हातभर सरकवलं तर वळण मोठं करता येईल. मधे सरळ तुकडाही बसेल."

"सरकवून ठेवू कुठे? बाहेर बर्फात?" मारिट म्हणाली. "अहो, लोक तुमच्या खिडक्या मोजायला येत नाहीत. खायला येतात!"

माइक्सनरने हात वर करायला सांगितले. टेबल सरकवा म्हणून दोनच हात वर झाले, नॉएबर्टचा आणि एगॉनचा. एगॉनचा कोपरापर्यंतच.

"तोंड पाडू नकोस, बेर्थोल्ड," माइक्सनर म्हणाला. "डबे इथेच राहू दे. काढतो काहीतरी मार्ग."

रविवारी एगॉन पोचला तेव्हा हॉल भरला होता आणि समुद्राकडची गाडी धावत होती. कोपऱ्यातून वळली, उलट्या वळणातून गेली, पूल ओलांडला. लोक टाळ्या वाजवत होते. एगॉनला क्षणभर खरंच आनंद झाला. मग गाडी जवळून गेली. बफर कानशीने घासून टाकलेले. दोन डब्यांना जोडणारे घडीचे भाते उपटलेले, तिथे बोटभर फट, पडलेल्या दातांसारखी. दारांखालच्या पायऱ्या मोडून काढलेल्या. वळणावर प्रत्येक डब्याचं पोट आतल्या बाजूला लोंबत होतं आणि खिडक्यांवर तेलकट बोटं होती.

नॉएबर्ट शेजारी येऊन उभे होते, कोटाची बटणं लावलेली.

"बघ, धावतेय की नाही!" माइक्सनर हात पुसत आला. "अख्खी संध्याकाळ घातली मी."

नॉएबर्टनी गाडी स्टेशनात थांबू दिली. मग विचारलं, "माणसं चढणार कुठून?"

"अरे, प्लास्टिकची माणसं ती!"

"कुठून चढणार?"

"बेर्थोल्ड, लोक बघताहेत."

नॉएबर्टनी हातमोजे काढले आणि एकेक डबा रुळांवरून उचलून कागदात गुंडाळायला सुरुवात केली. "पोस्टरवर छापलंय मी!" माइक्सनर ओरडला. पुढे उभी असलेली एक पोरगी रडायला लागली. नॉएबर्टनी पाचवा डबाही गुंडाळला. प्रत्येक डबा उचलताना त्यांचं तोंड वाकडं होत होतं. जन्मभर दुसऱ्यांची घाण उचलली, ती बहुधा अशीच.

दोन खोके झाले. एक एगॉनने घेतला. बसथांब्यापर्यंत दोघं चालत गेले, सांडलेल्या वाइनने लाल झालेल्या चिखलातून. टेबलाबद्दल आपण जरा जोर करायला हवा होता का, असं विचारावं असं एगॉनला वाटलं, पण त्याने खोका नुसता दुसऱ्या काखेत घेतला. नॉएबर्ट पुन्हा क्लबात आले नाहीत, आणि फेब्रुवारीत ते वारल्याचं एगॉनला वर्तमानपत्रातून कळलं. त्या डब्यांचं काय झालं, ते त्याला ठाऊक नाही.

त्या रविवारी बस आली. नॉएबर्ट आधी चढले आणि दुसऱ्या खोक्यासाठी हात पुढे केला.

"खालून धरा," ते म्हणाले. "पुठ्ठा ओला झालाय."

"धरलाय."

"मग द्या."