अल्ताराखालचा टीव्ही

"फोटो पुसशील रे, पण तोंडातून गेलेलं नाव कसं परत घेशील?" टेरेझाने विचारलं.

एडविन तिच्याकडे न बघता केलीकडे रिमोट मागत राहिला. त्या माणसाचे सगळे फोटो टीव्हीवरून पुसून टाक, हे त्याचं तिसऱ्यांदा सांगून झालं होतं. केली, त्यांची मुलगी, म्हणाली की फोटो टीव्हीत नाहीतच, तिच्या फोनमधून येतात, आणि फ्लॉयडकाकाला ती पुसणार नाही.

"मग बंद कर तो डबा. चूक त्याची हाय."

चूक झाली होती आदल्या संध्याकाळी. तारोडीतल्या त्यांच्या घरात अल्तार, म्हणजे मरियामातेचा देव्हारा, भिंतीवर आहे आणि जागा दुसरीकडे नाही म्हणून टीव्ही बरोबर त्याच्याखाली. काही लावलेलं नसलं की टीव्ही आपोआप घरचे फोटो दाखवतो, ही केलीची करामत. टेरेझाला ते फार आवडलं होतं. खाऱ्या हवेने तिच्या चौकटीतल्या सगळ्या फोटोंना बुरशी लावली होती. लग्नाच्या फोटोत तर नवरी उरली होती आणि नवऱ्याच्या जागी पिवळा डाग. आता माणसं पुन्हा दिसू लागली, तीही भिंतभर. त्यामुळे रोझरीच्या वेळी, जपमाळेची प्रार्थना चालू असतानासुद्धा, ती टीव्ही बंद करू देत नसे. मरियामातेच्या पायाशी आपलीच माणसं येऊन जातात, त्यात वावगं काय, असं तिचं म्हणणं.

रोझरी संपली की घरचा कर्ता मेलेल्यांची नावं घेतो आणि बाकीचे त्यांच्यासाठी चिरशांती मागतात. एडविनने बायचं, म्हणजे आईचं नाव घेतलं, बाबाचं घेतलं, समुद्रावरून परत न आलेल्या चुलत्याचं घेतलं. तेवढ्यात समोर फ्लॉयड आला. बोटींना आशीर्वाद देण्याच्या दिवशीचा फोटो, गळ्यात झेंडूची माळ, तोंडभर हसू. आणि एडविनच्या तोंडून ओघात निघून गेलं, "फ्लॉयडसाठी." केलीने आणि टेरेझाने सवयीने उत्तरही देऊन टाकलं, "हे प्रभू, त्याला चिरशांती दे."

फ्लॉयड जिवंत होता. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीत राहत होता, एसी दुरुस्त करत होता. एडविनचा हा धाकटा भाऊ. टेरेझा या घरात लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेतही जात नव्हता आणि त्यांची बाय नुकतीच गेली होती. त्याला भरवलं टेरेझाने, बोंबील वाळवायच्या बांबूंवर, वलांडीवर, कसे अडकवायचे ते शिकवलंही तिनेच. पुढे दोघा भावांनी मिळून बोट चालवली. मग फ्लॉयडला समुद्र नकोसा झाला, तसं त्याने सरळ सांगितलं. एकट्याच्याने बोट निभेना. एडविनला ती विकून दुसऱ्याच्या बोटीवर जावं लागलं. त्या दिवशी तो म्हणाला होता, माझा भाऊ मेला. तेव्हापासून या घरात फ्लॉयडचं नाव निघालं नव्हतं. निघालं ते असं.

टेरेझाला रात्रभर झोप लागली नाही. रागात बोललेलं देव मनावर घेत नाही, असं ती स्वतःला समजावत आली होती. पण हे अल्तारासमोर, गुडघ्यावर बसून मागितलेलं होतं.

भांडण तिथेच सोडून ती मागच्या पडवीत गेली आणि केलीच्या फोनवरून तिने नंबर लावला. पलीकडे ड्रिल मशीनची घरघर चालू होती. तिने त्याला नावाने हाक मारली तशी घरघर थांबली.

"वैनी?" फ्लॉयडचा आवाज चिरका झाला होता. "कोण गेला? दादा?"

"कोणी न्हाय गेला. तू बरा हायस ना?"

"शिडीवर हाय. तुझा आवाज ऐकून पडलो असतो."

तिने त्याला आधी खाली उतरायला लावलं. मग जे विचारायचं ते विचारलं. तो म्हणाला, दादाला चालत असेल तर. दादाचं मी बघते, असं सांगून तिने फोन ठेवला.

भाईंदरच्या बाजारात टेरेझाने उभं आयुष्य मासळी विकली. तिथे तिची एक रीत होती. भाव एकदाच सांगायचा, मग मान वळवून मासळीवर पाणी शिंपडत बसायचं. गिऱ्हाईक हुज्जत घालून थकायचं आणि पिशवी पुढे करायचं.

ती आत आली तेव्हा एडविनच्या हातात रिमोट होता, पण कुठलं बटण दाबायचं ते त्याला समजत नव्हतं. तिने तो अलगद काढून घेतला, अल्तारावर मेणबत्तीशेजारी ठेवला आणि कोपऱ्यातली सुपं आवरायला लागली.

"रविवारी फ्लॉयड जेवायला येतोय," ती पाठमोरीच म्हणाली. "रोझरीला तुझ्या बाजूला बसेल. मेलेल्यांची नावं तूच घ्यायची, त्याच्या देखत. टीव्ही चालू राहील."