गफ्फारभाईचं अर्जंट काम

अचलपूरच्या बसस्टँडमागे अब्दुल गफ्फार टेलरचं दुकान आहे. तिथं शिरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द असतो, अर्जंट. गफ्फारभाईनं त्याच्या पायऱ्याच ठरवून टाकल्यात. नुसतं अर्जंट म्हणजे परवा. लय अर्जंट म्हणजे उद्या. निरा अर्जंट म्हणजे गिऱ्हाईक स्टुलावर ठाण मांडून बसणार आणि डोकं खाणार. त्यातही लय अर्जंटवाल्यांचे कपडे शिवून झाले की मग महिनाभर खुंटीवर लोंबकळतात, ही गंमत वेगळीच.

पथ्रोटचे खुशालराव मात्र शर्टाचं कापड देताना म्हणाले, "सवडीनं शिवा, गफ्फारभाई. मले कुठी जायाचं आहे?"

असं म्हणणाऱ्याचं जे होतं तेच झालं. कापड मागं पडत गेलं. खुशालराव दर बाजाराच्या दिवशी बसनं यायचे, "झाला का?" विचारायचे आणि नाही म्हटलं की निवांत बसायचे. मग चहा, कपाशीचा भाव, अकोल्याला नोकरीला असलेला मुलगा, आणि बोलता बोलता कधीतरी मैनाबाई. त्यांची बायको पोळ्याच्या आधी वारली होती.

गफ्फारभाईला शेवटी स्वतःचीच लाज वाटली. भल्या माणसाला किती खेटे घालायला लावायचे? त्यानं जीव ओतून शर्ट शिवला. खुशालरावांनी तो हातात घेतला, "छान झाला" म्हणाले आणि चहाला न थांबता गेले.

पुढच्या बाजाराला ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गफ्फारभाईचा हात मशीनवर आणि डोळा रस्त्यावर. त्याला करमेना. एका दुपारी त्यानं पायडलवरून पाय काढला. समोर एका नवरदेवाचा भाऊ रोहित निरा अर्जंट कोटासाठी बसला होता.

"कुठी चालले, भाई? हळद आहे उद्या."

"रात्री बसून देतो. सध्या अर्जंट काम आहे," असं म्हणत त्यानं शटर ओढलं.

पथ्रोटला खुशालराव घराच्या ओसरीत एकटेच बसले होते. दाढी वाढलेली. गफ्फारभाईला पाहून धडपडत उठले.

"कावून येऊन नाही राहिले दुकानात?"

"शर्ट भेटला ना आता. मंग काय म्हणून येऊ?"

त्यांनी हे इतकं साधेपणानं सांगितलं की गफ्फारभाईला कळून चुकलं. आपण या माणसाचं काम केलं नव्हतं, त्याचं येणं बंद केलं होतं.

"तो शर्ट आणा इकडं," तो दरडावून म्हणाला. "कॉलर बिघडली माह्या हातानं. दुरुस्त करा लागते. बाजाराच्या दिवशी येजा विचाराले."

खुशालरावांनी आतून शर्ट आणला. घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

रात्री रोहितचा कोट देऊन झाल्यावर गफ्फारभाईनं तो शर्ट मांडीवर घेतला, आणि झकास बसलेली कॉलर एकेक टाका काढत उसवून टाकली.