काल्हेरच्या घरी यजमान होण्याचे नियम

माझी पत्नी शालिनी हिला जाऊन दीड वर्ष झाले. तिच्या माहेरी, भिवंडीजवळच्या काल्हेरला, भावाने बांधलेल्या घराचा वरचा मजला तिच्या वाट्याला आला होता. तो आता माझ्या नावावर आहे. तो विकण्याची इच्छा नव्हती आणि तिच्यावाचून तेथे पाऊल ठेवण्याचे धैर्यही नव्हते. म्हणून मी एक सोयीचा मार्ग योजला. तिथल्या गोदामांच्या कामासाठी येणाऱ्यांना तो मजला दिवसाच्या भाड्याने द्यावा, किल्ली मेहुण्याकडे असावी आणि आपण नाशिकहून फोनवर व्यवहार पाहावा. नियम समजून घेण्यासाठी एकदाच जाणे भाग होते. असाच विचार करणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून ही हकीकत.

कसारा घाट उतरून शहापूरला मिसळ घेतली. तर्री बेताची, चहा मात्र उत्तम. वडप्यापासून पुढे रस्ता ट्रकांच्या मालकीचा असतो. सकाळी लवकर माणकोली ओलांडावी, म्हणजे अंजूरफाट्यापर्यंत त्रास होत नाही, हा शालिनीचा दंडक. मी तो मोडला आणि बराच वेळ एका कंटेनरच्या मागे तिची आठवण काढत बसलो.

प्रथम भिवंडीच्या महापालिकेत गेलो, ही माझी चूक. माझे सविस्तर निवेदन खिडकीवरचा लिपिक शांतपणे ऐकत होता. ते संपण्यापूर्वीच रांगेत मागे उभे असलेले नारपोलीचे एक यंत्रमागमालक हसून म्हणाले, “चाचा, काल्हेर पंचायत में आता है. फिर भी इधर टॅक्स भरना है तो भरो, हम दुआ देंगे.” तेव्हा वाचकहो, आपले घर कोणाच्या हद्दीत आहे, हे आधी विचारून घ्यावे.

ग्रामपंचायतीतील अधिकारी बाईंनी खुर्ची दिली आणि एकेक बाब समजावली. पंचायतीचा ना-हरकत दाखला, प्रत्येक पाहुण्याचे ओळखपत्र, पोलीस ठाण्याला माहिती, हे सारे मला अपेक्षितच होते. मात्र पर्यटन विभागाच्या न्याहारी-निवास योजनेत नोंदणी हवी असेल, तर मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे आणि पाहुण्यांना सकाळची न्याहारी दिली पाहिजे, असे त्यांनी सांगितले. (नियम बदलत असतात, प्रत्येकाने स्वतः खात्री करावी.)

“तुम्ही राहता का तिथे?” त्यांनी विचारले.

मी नाही म्हणालो.

“मग आधी राहायला या.”

माझी सारी योजना त्या एका वाक्यात संपली.

तिथून मेहुण्यांच्या घरी गेलो. मोरेश्वर आणि सुमनवहिनी यांच्या या घरी मी लग्नापासून जावई म्हणूनच वावरलो आहे. पाय धुवायला पाणी, बसायला पाट, जेवताना आग्रह. स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेण्याची मुभा मला कधी मिळाली नाही. या वेळी वहिनी चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, “भावोजी, हंड्यान पानी हाय, घ्या.”

बरीच शोधाशोध करून पेला सापडला, तेव्हा मी पाणी घेतले. पंचायतीतला नियम मी सांगितला, तसे मोरेश्वर मनापासून हसले. “भावोजी न्याहारी देनार? त्यांना गिलास कुठं हाय त्यो ठाव न्हाय.”

मीही हसलो असतो. पण तोंडून निघून गेले की शालिनीबरोबर या घरातील माझा पाहुणचारही संपला, हे मी समजू शकतो.

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मगच माझ्याकडे पाहिले.

“ताई व्हती तवर तुमी पावनं. ताईसंगती आलं, ताईसंगती गेलं. दीर वरीस आमी वाट बगितली. पावन्याला बोलवाला लागतं, भावोजी. घरच्याला न्हाय.”

एवढे बोलून त्यांनी तांदळाच्या पिठाची परात माझ्यापुढे सरकवली. मी थापलेली भाकरी तव्यावर जाण्याआधीच तिच्या तीन दिशांना तीन वाटा झाल्या. मोरेश्वर म्हणाले, “तुमचं गिऱ्हाईक न्याहारीच्या आदी पलंल.” सुक्या बोंबलाच्या कालवणाबरोबर ते तुकडे मीच खाल्ले. पाट मांडलेला नव्हता. आम्ही तिघेही एकाच चटईवर बसलो होतो.

जेवणानंतर वर गेलो. दार उघडताना कोंदट वासाची मी तयारी ठेवली होती. जमीन पुसलेली होती, गाद्यांना ऊन दाखवलेले होते आणि खाडीकडची खिडकी उघडी होती. शालिनी ती कधी बंद करू देत नसे. वहिनींनीही ती बंद केली नव्हती. त्या खिडकीपाशी मी बराच वेळ बसलो आणि मुक्काम तिथेच केला.

नाशिकला परतून काही दिवस झाले. अर्ज अजून केलेला नाही. दर महिन्यात काही दिवस तेथे राहून पाहावे आणि मग ठरवावे, असा विचार आहे. रोज सकाळी तांदळाची उकड काढतो. आज एक भाकरी तव्यापर्यंत अखंड पोहोचली, फुगली मात्र नाही.

सोमवारी काल्हेरला जातो आहे. कोणी बोलावलेले नाही.