परवा चाळिसावा संपतो

इजिप्तमधल्या बनी सुएफजवळच्या त्या आरोग्य केंद्रात इक्बालला सगळे अब्ला म्हणत, म्हणजे थोरली ताई. सुईणपण करता करता तिचे केस पिकले होते. आता ती डॉक्टर-नर्सना एकच गोष्ट शिकवत हिंडे: बाळंतिणीचं मन कसं ओळखायचं. शिकवताना जीभ तिखट चाले. "नुसतं ‘कशी आहेस’ विचाराल, तर मरायला टेकलेली बाईसुद्धा ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणेल. त्याच्या पुढचं विचारा."

नवी डॉक्टर नर्मीन त्या पुढच्यालाच अडखळे. जीव नकोसा वाटतो का, हे ओल्या बाळंतिणीला विचारायचं? नसलेला विचार आपणच तिच्या डोक्यात घालायचा? विचारल्याने कुणी मरत नाही, न विचारल्याने मरतं, असं इक्बालने परोपरीने सांगितलं. नर्मीन मान हलवी आणि प्रश्न गिळून टाकी.

त्या सकाळी सबाह नावाची बाळंतीण आली, सासूबरोबर. बाळंतिणीची कबर चाळीस दिवस उघडी असते म्हणतात, म्हणून तिला क्षणभरही एकटं सोडत नाहीत. सासू हाज्जा फौकिया तर सुनेच्या वाटचं बोलतही होती. झोप लागते, दूध आहे, सगळं छान. सबाह भिंतीकडे बघत होती. बाळ रडलं तरी तिचा हात हलला नाही.

हाज्जाला खोलीबाहेर काढायला इक्बालने मुगातचा विषय काढला. बाळंतिणीसाठी तुपात मुळ्यांची पूड भाजून ते पेय करतात, आणि प्रत्येक सासूला आपल्याच हातचं खरं वाटतं. हाज्जा बाळाला घेऊन लगेच ओसरीवर आली.

आत नर्मीन आणि सबाह दोघीच राहिल्या. दार लोटलं गेलं. बाहेर हाज्जा तूप किती, साखर किती ते सांगत होती आणि इक्बालचा सगळा जीव त्या दाराशी होता. आतून काहीच ऐकू येईना. ही पोरगी पुन्हा कच खाणार. आत घुसून स्वतःच विचारावं, असं तिला फार वाटलं. पण उद्या आपण नसताना कोण विचारणार? ती ओठ चावून बसून राहिली.

दार उघडलं. नर्मीन बाहेर आली. तिने इक्बालला बाजूला घेतलं.

"विचारलं. हो म्हणाली," ती हळूच म्हणाली. "अब्ला, ती परवाची वाट बघतेय. परवा चाळिसावा संपतो. मग घरातले तिला एकटं सोडतील."

केंद्रातही चाळिसाव्यानंतर बाळंतिणीची चौकशी बंदच होई, आणि इतक्या वर्षांत इक्बाललाही ते कधी खटकलं नव्हतं.

सबाहला विचारून त्यांनी हाज्जाला सगळं सांगितलं. आता ही नजर लागली म्हणेल, नाहीतर सुनेलाच बोल लावेल, म्हणून इक्बाल उत्तर तयार ठेवून होती. नर्मीन शहरातल्या मनाच्या डॉक्टरकडे फोन लावत होती. हाज्जाने बाळ इक्बालच्या हाती दिलं, आत गेली आणि सुनेला खेटून बसली.

"पोरी," ती म्हणाली, "आमच्या घरात चाळिसावा मी म्हणेन तेव्हाच संपेल."