कान्याचे तीन बाइट

सातपूरच्या आमच्या छोट्या कंपनीत द्राक्षबागेच्या ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी पेटी बनते. तिचा प्रोग्राम मोबाइलवरून बदलता येतो. गेल्या हंगामात सायखेड्याच्या एका बागाईतदाराकडे प्रोग्राम बदलताना मध्येच लाइट गेली. लाइट आली, पण पेटी उठेना. अर्धाच प्रोग्राम आत गेला होता आणि बिचारी तोच चालवायला बघत होती. शेतकऱ्याने ती पिशवीत घालून थेट माझ्या टेबलावर आणून ठेवली. "बघा ताई, मेली का झोपली हाय."

पेटीत सगळ्यात आधी जागा होणारा एक चिमुकला प्रोग्राम असतो, बूटलोडर. तो मोठ्या प्रोग्रामला उठवतो. उठवण्याआधी मोठा पूर्ण आहे का, हे त्याने तपासावं, एवढंच मला करायचं होतं. पण बूटलोडरला चिपमध्ये जागा दोन किलोबाइट. सकाळी शुभेच्छांचा जो गुलाब मोबाइलवर येतो, त्याची पाकळीही त्यात मावणार नाही. ती जागाही आधीच गच्च भरलेली. मी मोठी चिप मागितली, तर साहेब म्हणाले, "बोर्ड छापून आलेत. आहे त्यात बसवा."

मग मी आणि माझा सटाण्याचा सहकारी कात्री घेऊन बसलो. एक आकडा छापायला कुणीतरी अख्खी छपाईची लायब्ररी ओढून आणली होती, ती हाकलली. तपासणीसाठी मी घातलेला, आधीच मोजून ठेवलेल्या उत्तरांचा तक्ता तर एकटाच निम्मी जागा खात होता.

"पाढे लिहून कशाला ठेवतेस?" सहकारी म्हणाला. "दर वेळी मोजू दे की. त्याला कुठं बस पकडायचीय?"

तक्ता गेला, तपासणी जरा रेंगाळली, पण जागा सुटली. तरी थोडं कमीच पडत होतं. उरलं होतं साहेबांचं ब्रीदवाक्य. पेटी सुरू झाली की 'शेतकऱ्यांच्या सेवेत सदैव तत्पर' हे शब्द एका वायरवरून बाहेर जायचे. वायरीच्या दुसऱ्या टोकाला वाचणारं कुणीच नसायचं.

"साहेब, मराठी अक्षराला तीन बाइट लागतात," मी भीत भीत म्हणाले. "काना, मात्रा, वेलांटीचे वेगळे तीन-तीन."

"आणि इंग्रजीत?"

"अक्षराला एक."

"मग तर मराठीतच राहील!"

त्यांनी कागद ओढला आणि काना-मात्रा नसलेले शब्द शोधायला बसले. चहा निवला. 'सतत तत्पर' झालं. मग नुसतं 'तत्पर'. जोडाक्षर जोडायलाही तीन बाइट पडतात म्हटल्यावर त्यांनी आमच्याकडे असं पाहिलं, जणू बाराखडी आम्हीच महाग केली. शेवटी ते 'चला'वर आले.

सहकाऱ्याने बसवून पाहिलं. "काना जास्त होतोय, साहेब."

साहेबांनी डोळे मिटले. "बरं, 'चल' लिहा. आपल्याच पेटीशी अगंतुगं चालतं."

बसलं!

नवी पेटी घेऊन आम्ही दोघं सायखेड्याला गेलो. प्रोग्राम जायला लागल्यावर मी शेतकऱ्याला प्लग ओढायला सांगितलं.

"मीच ओढू?" त्याने ओढला, परत लावला. पेटी जागी झाली, आतला प्रोग्राम अर्धवट आहे हे तिने ओळखलं, तो चालवला नाही आणि मोबाइलवर नवा मागितला. मी इतक्या जोरात टाळी वाजवली की कुत्रं भुंकायला लागलं.

"लय हुशार हाय ही!" शेतकरी खूश. त्याने परत प्लग ओढला. मग शेजाऱ्याला बोलावून त्यालाही ओढायला लावला. दर वेळी पेटी निमूट उठायची आणि पहिल्यापासून मागायची. प्रोग्राम काही पूर्ण जाईना. अखेर शेतकऱ्याची बायको आली आणि प्लगसमोरच उभी राहिली.

"आता कुणी हात लावायचा नाय. बागेला पाणी जाऊ द्या."