उभ्याउभ्या एक फिल्टर

स्पेअर पार्ट्सच्या दुकानाची एक गंमत असते. माल विकला जातो आणि किस्से शिल्लक राहतात! शेवगावात एसटी स्टँडच्या जरा पुढे आमचं दुकान. काउंटरखाली एक पत्र्याचा डबा असायचा. नवा ऑइल फिल्टर घेतला की गिऱ्हाईक जुना त्यात टाकायचं आणि जाता जाता काहीतरी बोलून जायचं. डबा भरला की भंगारवाला येऊन न्यायचा. बोललेलं न्यायला मात्र कोणी आलं नाही, ते सगळं माझ्याकडेच साठलं. आता तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

*

दुकान आमच्या ह्यांचं. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणायचं. कोणीही पायरी चढलं की अण्णांचा पहिला प्रश्न ठरलेला, "जुना आणलाय का?"

कारण नव्वदनंतर गावात नवनवीन गाड्या यायला लागल्या आणि त्यांचे फिल्टर दिसायला सगळे भाऊ-भाऊ. उंची तीच, रंग तोच, आणि आतले आटे वेगळे. जुना समोर असला की त्याचं रबर नव्याच्या रबराला लावून बघायचं, आटे बोटानं चाचपायचे आणि मगच द्यायचा. चुकीचा बसवला तर सगळं तेल रस्त्यावर!

लोक जुना फिल्टर कशाकशातून आणायचे म्हणून सांगू! कोणी वर्तमानपत्रात, कोणी दुधाच्या किटलीत. एकदा तर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव स्वतः हातात फिल्टर धरून आला. अंगावरच्या नव्या सफारीला काळे डाग पडलेले.

"अण्णा, लवकर बघा! गाडीनं समदं तेल मांडवात सोडलंय!"

"अरे, पण तू का आलास? ड्रायव्हर कुठंय?"

"त्यो पंगतीला बसलाय. जेवणाऱ्याला कसं उठवायचं?"

अण्णांनी चष्मा लावला, फिल्टर उजेडात धरला आणि म्हणाले, "नवरी कुठं जात नाही. आधी आटे बघू दे!"

*

दुकानासमोर एक लाकडी बाकडं होतं. ट्रकच्या जुन्या फळ्या जोडून अण्णांनीच केलेलं. त्यावर तिघं जण कायमचे. नेवाशाच्या रस्त्याला जीपमधून प्रवासी नेणारा कचरू, शेजारच्या गॅरेजचा रफिक आणि रिटायर झालेले साळवे गुरुजी. गुरुजींकडे एक जुनी मोटार होती. ती रविवारी बाहेर निघायची आणि सोमवारी गॅरेजात.

आमचं घर दुकानाच्या मागेच, मधे नुसता पडदा. मी चहा करायची, पडद्याआडून कप पुढे करायची आणि तिथंच उभी राहून ऐकायची. एकदा गुरुजी हट्टाला पेटले, "अण्णा, मला मोठा फिल्टर द्या. मोठा असला की तेल जास्त स्वच्छ होणार, साधं गणित आहे!"

अण्णा म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पायाला आठ नंबर लागतो ना? मग दहा नंबरची चप्पल का घालत नाही?"

गुरुजींनी पाय पुढे केला. "घातलीय की! काल विहारातून घाईत दुसऱ्याचीच घालून आलो!"

कचरू बाकड्यावरून खाली पडायचा राहिला. इकडे पडद्यामागे मी इतकी हसले की चुलीवरचं दूध उतू गेलं. त्या बाकड्यावर मी कधी बसले नाही, पण तिथली एकही गंमत माझ्यावाचून झाली नाही, असं मला वाटायचं.

*

मग अण्णा गेले. सकाळी छातीत दुखतंय म्हणाले, कचरूनं प्रवासी खाली उतरवून जीपमध्ये घातलं, पण नगर काही आलं नाही. मधेच संपलं सगळं.

लेक नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याला दिलेली, पण पार दुसऱ्या टोकाला. ती महिनाभर राहिली आणि गेली. तिलाही तिचा संसार होता. मी पडदा काढून टाकला आणि काउंटरला उभी राहिले. दुकानाची भीती नव्हती. इतकी वर्षं कानावर पडलेलं कामाला येत होतं.

पहिल्या दिवशी तिघंही आले. हात जोडून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा की, चहा टाकते."

"नको वैनी, घाई हाय," कचरू म्हणाला.

एवढी घाई असलेली ही माणसं रस्ता ओलांडून समोरच्या बबनच्या हॉटेलात गेली आणि दुपारपर्यंत तिथंच बसली!

मला कळत होतं. एकटी बाई दुकानात, आणि समोर पुरुषांनी अड्डा जमवायचा, गाव काय म्हणेल? त्यांनी माझी अब्रू सांभाळली. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण अब्रूशी गप्पा मारता येत नाहीत हो. समोरून त्यांचं हसणं ऐकू यायचं, काय बोलले ते मात्र एसटीच्या आवाजात कळायचं नाही. मला फार एकटं वाटायचं. त्या बाकड्यावर कोणीतरी बसावं, एवढंच मला हवं होतं.

*

एकदा सुप्याहून एका कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर आला. परका माणूस.

"मालक कुठायत?"

मी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. तो चपापला, त्यानं हात जोडले. इथंपर्यंत ठीक. मग फोटोकडेच बघत म्हणाला, "डिझेल गाडी हाय. कोणता बसंल?"

मी म्हटलं, "जुना आणलाय का?"

तो केवढ्यानं दचकला! पिशवीतून फिल्टर काढला आणि माझ्या हातात न देता फोटोखाली ठेवला. मी तिथून उचलला, रबर लावून बघितलं, आटे चाचपले, नवा काढून दिला. पायरी उतरताना त्यानं परत वर बघितलं.

"येतो मालक."

मला कोणी 'येतो' म्हणालंच नाही. मी फोटोला म्हटलं, "बघा, दुकान मी चालवते आणि गिऱ्हाईक तुमचं!"

*

मग मी एक युक्ती केली. मॅचच्या दिवशी अण्णांचा रेडिओ काउंटरवर ठेवला आणि मोठ्यानं लावला. बबनच्या हॉटेलातला रेडिओ नुसता खरखरायचा, हे मला माहीत होतं.

मासे गळाला लागले! कचरू आला, रफिक आला, गुरुजी आले, आणखी पाच-सहा जण आले. शेवटी गिऱ्हाईकच उरलं नाही म्हणून बबनसुद्धा किटली घेऊन आला. आणि सगळे उभे! वर ऊन रणरणतंय, घामाच्या धारा लागल्यात, बाकडं रिकामं आणि माणसं उभी.

"अहो, बसा की!" मी म्हटलं.

गुरुजी म्हणाले, "नको, उभ्यानं नीट ऐकू येतं!"

तेवढ्यात एक कुत्रं आलं, बाकड्यावर चढलं आणि अंग मुडपून झोपलं. त्याला घाई नव्हती. मॅच संपेपर्यंत ते तिथंच होतं आणि ह्या शहाण्यांतल्या एकानंही त्याला हाकललं नाही.

*

धंदा मात्र जोरात चालला होता. विशेषतः फिल्टर! कचरू तर दर आठवड्याला यायचा.

"वैनी, एक फिल्टर द्या."

"अरे, परवाच नेलास ना?"

"रस्त्याला धूळ लई हाय."

"धूळ रस्त्याला आहे, इंजिनात नाही. रफिकला दाखव एकदा."

पण रफिकही फिल्टरच न्यायला यायचा. गुरुजीसुद्धा! मी विचारलं, "गुरुजी, गाडी दारातून हलली तरी का महिन्यात?"

गुरुजी गंभीरपणे म्हणाले, "उभ्या गाडीचं तेल जास्त खराब होतं!"

मी प्रत्येकाला विचारायची, "जुना आणलाय का?" आणि प्रत्येक जण विसरलेला असायचा. ज्या माणसांनी सगळा जन्म जुना फिल्टर खिशात घालून काढला, ती सगळी एकदम विसराळू झाली!

मी काही दूधखुळी नव्हते. कचरूच्या जीपला कोणता फिल्टर लागतो, हे मला झोपेतून उठवलं असतं तरी सांगता आलं असतं. तरी मी दोन-तीन खोकी काढायची. एक उघडायची, रबरावरून बोट फिरवायची, आटे उजेडात धरायची, "हा नको" म्हणायची, दुसरा काढायची. फिल्टर निवडून होईपर्यंत समोर माणूस उभं असायचं ना! तेवढ्यात पाऊसपाण्याचं निघायचं, कारखाना कधी सुरू होणार ते निघायचं, लेकीचं पत्र आलं का ते तो विचारायचा. कचरू मधेमधे "घाई हाय" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही.

मग मी फिल्टर द्यायची आणि तो जायचा. पुन्हा मी आणि फोटो.

*

आणि मग ते बाजारच्या दिवशी झालं. भर दुपारी कचरूची बायको शांता डोक्यावर पोतं घेऊन आली. पूर्वी हळदीकुंकवाला भेटायची, हसायची. अण्णा गेल्यावर मला तेही बोलावणं बंद झालं होतं, त्यामुळे कित्येक दिवसांत आमची गाठ नव्हती. तिनं पोतं बाकड्यावर धाडकन ओतलं. फिल्टरची खोकीच खोकी! एकाही फिल्टरला तेलाचा डाग नाही. दोन-चार गडगडत रस्त्यावर गेली.

"ताई, घरात जीप एक आन फिल्टर पोतंभर! पिठाच्या डब्यामागं फिल्टर, पलंगाखाली फिल्टर, देव्हाऱ्याच्या खाली फिल्टर! इचारलं तर म्हंत्यात, रस्त्याला धूळ लई हाय!"

रस्त्यापलीकडे बबनच्या हॉटेलातली सगळी माणसं माना वळवून बघायला लागली. कचरू गुरुजींच्या मागे सरकलेला मला दिसला. गुरुजी वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होते.

मला मान वर करवेना. एवढ्या सगळ्या खोक्यांतलं एक-एक मी किती वेळ लावून निवडलं होतं, ते मला माहीत होतं. मी म्हटलं, "शांता, मी सगळे परत घेते."

"परत द्यायला न्हाई आले मी."

"मग?"

तिनं पदरानं बाकड्याचा एक कोपरा झटकला. रस्त्याकडे पाठ केली, एक पाय दुमडून वर घेतला आणि ऐसपैस बसली. बसली!

"एक फिल्टर घ्यायला आमच्या मानसाला एवढा येळ का लागतो, ते बघायला आले. दावा मला, कसा निवडत्यात त्यो."

मी काउंटरची फळी वर केली आणि बाहेर आले. तिच्या शेजारी खोकी होती, ती बाजूला सारली आणि मीही बसले. इतक्या वर्षांत त्या बाकड्यावरून दुकान कसं दिसतं, ते मी पहिल्यांदाच बघत होते. अण्णांचा फोटो तिथून अगदी समोर येत होता. मी दोन फिल्टर उघडले आणि तिच्या हातात दिले.

"आधी हे रबर एकमेकांना लावून बघायचं. मग आत बोट घालून आटे चाचपायचे."

तिनं बोट घातलं. "दोनी सारकेच लागत्यात की."

"परत बघ. घाई करू नकोस."

रस्ता ओलांडून कचरू आला. आमच्यापासून चार पावलांवर थांबला, डोक्यावरची टोपी काढली, परत घातली.

"शांते, चल घरी."

शांतानं मान वर केली नाही. बोट फिल्टरातच होतं.

"तुमाला घाई हाय ना? मंग जावा तुमी. आमचं अजून निवडून व्हायचंय."